मीलवर्म, आतड्यातले जिवाणू आणि घरट्यातली रक्तपिपासू अळी

अमेरिकेच्या पूर्व भागात ईस्टर्न ब्लूबर्ड नावाचा निळ्या पाठीचा, तांबूस छातीचा छोटा पक्षी लोकांनी लावलेल्या लाकडी पेट्यांमध्ये घरटे करतो. पिल्ले उडून गेल्यावर ते घरटे काढून पांढऱ्या कागदावर झटकले, तर गवताच्या भुशाबरोबर पुष्कळदा गडद तपकिरी कोष खाली पडतात. सेंटिमीटरभराहून थोडे आखूड. हे प्रोटोकॅलिफोरा सियालिया या माशीचे कोष. प्रौढ माशी पक्ष्याला काही करत नाही, ती घरट्यात अंडी घालून निघून जाते. उपद्रव अळ्यांचा. दिवसा त्या घरट्याच्या तळाशी दडून बसतात, बहुतेक वेळा रात्री वर येतात, पिल्लाच्या उघड्या कातडीला चिकटून रक्त पितात आणि पोट भरले की पुन्हा गवतात शिरतात. पुरेशी वाढ झाली की तिथेच कोष करतात.

पिल्लू घरट्यात राहते साधारण 17 ते 20 दिवस. अंड्यातून निघते तेव्हा ते उघडे, आंधळे आणि स्वतःची ऊब स्वतः धरू न शकणारे असते. एवढ्या दिवसांत त्याला पिसे, हाडे, स्नायू, पचनसंस्था आणि रोगप्रतिकारशक्ती, सगळे उभे करायचे असते. त्यात रोज रात्री रक्त जाते. अशा वेळी आईबाप चोचीतून काय आणतात याला फार महत्त्व येते, आणि ते फक्त पोट भरण्यापुरते नाही. गेल्या काही वर्षांतले संशोधन सांगते, की आहार बदलला की पिल्लाच्या आतड्यातले जिवाणू बदलतात आणि त्यांच्याबरोबर परजीवीला तोंड देण्याची ताकदही बदलू शकते. ‘बदलू शकते’ हे शब्द मुद्दाम वापरले आहेत. त्यामागची गुंतागुंत पुढे येईलच.

प्रतिकार वेगळा, सहनशीलता वेगळी

परजीवीपासून बचावाचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे परजीवीलाच त्रास द्यायचा, म्हणजे त्याची संख्या, वाढ किंवा त्याला मिळणारे रक्त कमी करायचे. हा प्रतिकार. दुसरा म्हणजे परजीवी राहू द्यायचा, पण त्याने केलेले नुकसान भरून काढायचे. ही सहनशीलता. घरट्यात अळ्या कमी सापडल्या तर प्रतिकाराची शक्यता धरता येते. अळ्या भरपूर आणि तरीही पिल्ले धडधाकट असतील, तर सहनशीलतेकडे बघावे लागते.

सहनशीलतेचे चांगले उदाहरण गॅलापागोस बेटांवरचे आहे. तिथे फिलॉर्निस डाउन्सी ही बाहेरून आलेली माशी डार्विन फिंच पक्ष्यांच्या पिल्लांचा फडशा पाडते. तिथल्या मॉकिंगबर्डच्या घरट्यांतही तीच माशी असते, पण त्यांची पिल्ले तग धरतात. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कारण सापडले: अळ्या लागलेली मॉकिंगबर्डची पिल्ले अन्नासाठी जास्त ओरडतात आणि त्यांचे आईबाप खरोखरच जास्त फेऱ्या मारतात. फिंचच्या बाबतीत असे होत नाही. म्हणजे इथे बचावाचे हत्यार रक्तातले नाही, चोचीतले आहे.

ब्लूबर्ड आणि ट्री स्वॅलो (आपल्या पाकोळ्यांचा नातेवाईक) एकाच प्रकारच्या पेट्यांत राहतात आणि एकाच माशीचा जाच सोसतात. 2019 च्या एका अभ्यासात दोघांची तुलना झाली. पिल्लाच्या दर ग्रॅम वजनामागे अळ्या मोजल्या, तर ब्लूबर्डच्या घरट्यांत स्वॅलोच्या दुप्पट निघाल्या. स्वॅलोच्या पिल्लांत प्रतिपिंडांचे (अँटिबॉडीजचे) प्रमाण अधिक होते. आपापल्या वाट्याच्या अळ्यांनी कोणत्याच जातीची पिल्ले जास्त मेली नाहीत, पण रक्त मात्र दोघांनीही गमावले. ‘दर ग्रॅम’ हे माप महत्त्वाचे आहे. पाच पिल्लांच्या घरट्यात दोन पिल्लांच्या घरट्यापेक्षा अळ्या जास्त असणारच, कारण तिथे रक्तच जास्त आहे. नुसता आकडा घेतला तर भरल्या घरट्यातली पिल्ले उगाच कमजोर ठरतात.

पक्ष्याच्या आतड्याचा आणि प्रतिपिंडांचा संबंध काय

पक्ष्यांच्या रक्तातले मुख्य प्रतिपिंड म्हणजे आयजीवाय. अळी रक्त पिताना तिची लाळ पिल्लाच्या अंगात जाते. लाळेतली प्रथिने परकी म्हणून ओळखली गेली, की त्यांच्याविरुद्ध आयजीवाय तयार होऊ लागते आणि चावलेल्या जागी दाह होतो. त्यामुळे अळीला रक्त पिणे अवघड जाते, ती कमी पिते किंवा मरते. अडचण वेळेची आहे. पहिल्यांदाच भेटलेल्या शत्रूविरुद्ध प्रतिपिंडे तयार व्हायला काही दिवस लागतात, आणि पिल्लाकडे एकूण दिवसच अठरा-वीस. प्रतिसाद चार दिवस उशिरा आला, तर अळ्यांचे काम उरकलेले असते.

ही प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी पक्ष्यांमध्ये जिथे तयार होतात, ती जागाच आतड्याच्या शेवटाशी आहे. अवस्कर म्हणजे शीट, मूत्र आणि अंडे यांची एकच वाट. तिच्या वरच्या बाजूला एक छोटी पिशवी असते, फॅब्रिशियसची पिशवी. तिचे काम काय हे फार काळ कोणालाच माहीत नव्हते. 1956 मध्ये ब्रूस ग्लिक आणि टिमोथी चँग यांनी दाखवले, की लहानपणी ही पिशवी काढून टाकलेल्या कोंबड्या नीट प्रतिपिंडे बनवू शकत नाहीत. गंमत म्हणजे हा शोधनिबंध कुक्कुटशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला, त्यामुळे बाकीच्या रोगप्रतिकारशास्त्राचे लक्ष त्याकडे उशिरा गेले. कोंबडीच्या पिल्लांत अवस्करातून आत खेचले जाणारे द्रव्य या पिशवीत पोचते, आतड्यातले जिवाणूही पोचतात आणि अंड्यातून बाहेर आल्यानंतर तिथल्या पेशींची वाढ त्यांच्या संपर्काने होते. पक्ष्यांत आतड्यातले जिवाणू आणि प्रतिपिंडे यांचा संबंध असा थेट शरीररचनेतच आहे.

दुसरा दुवा रासायनिक आहे. काही जिवाणू अन्नातले न पचलेले भाग आंबवून ब्युटिरेटसारखी छोटी मेदाम्ले बनवतात. ती आतड्याच्या अस्तराला इंधन म्हणून उपयोगी पडतात आणि रोगप्रतिकारक पेशींना संदेशही देतात. उंदरांवरच्या प्रयोगांत या मेदाम्लांमुळे प्रतिपिंडांचे उत्पादन वाढलेले दिसले आहे. क्लॉस्ट्रिडियम आणि त्याच्या जवळच्या कुळांतले बरेच जिवाणू ब्युटिरेट बनवणारे आहेत. हे नाव लक्षात ठेवा.

मग हे जिवाणू पिल्लात येतात कुठून? अंड्यातून निघताना आतड्यात जवळपास काहीच नसते. आईबापांची चोच आणि लाळ, घरट्याचे गवत आणि अन्न म्हणून आलेले किडे यांतून वस्ती सुरू होते. शिवाय कोणता जिवाणू टिकणार हे त्याला काय खायला मिळते यावरही ठरते. आहाराचा हात असा दोन ठिकाणी असतो: तो पाहुणे घेऊन येतो आणि त्यांना पोसतोही.

मिनेसोटातला प्रयोग

कनेक्टिकट विद्यापीठाच्या सारा नुटी यांनी उत्तर मिनेसोटातल्या ब्लूबर्डवर हे तपासले. निबंध 2020 मध्ये आला. मांडणी अशी, की काही जोडप्यांना जादा खाद्य म्हणून मीलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या) द्यायचे, काहींना नाही, आणि दोन्ही गटांत काही घरट्यांतल्या अळ्या काढून टाकायच्या, काहींत राहू द्यायच्या. त्यामुळे चार प्रकारची घरटी तयार होतात आणि खाद्याचा परिणाम अळ्यांच्या परिणामापासून वेगळा काढता येतो.

अशा प्रयोगात काय-काय करावे लागते हे कळले, की निष्कर्षावर किती भार टाकायचा हेही कळते. पिल्ले बाहेर आल्यावर लगेच त्यांना बाजूला ऊबदार ठेवतात, घरट्याचे गवत उपसतात आणि एका गटात त्यावर परमेथ्रिन हे कीटकनाशक, दुसऱ्या गटात साधे पाणी फवारतात. पाणी फवारणे हा उपचार नाही. माणसाने घरटे हलवल्याचा त्रास दोन्हीकडे सारखा व्हावा एवढ्यासाठी ते असते. पिल्ले आठ-दहा दिवसांची झाली, की वजन, पायाची लांबी, पंखाची लांबी मोजतात. पंखाच्या शिरेतून थोडे रक्त घेतात. साधारण मर्यादा शरीराच्या वजनाच्या 1 टक्का, म्हणजे 25 ग्रॅमच्या पिल्लातून पाव मिलिलिटरपेक्षा जास्त नाही. हातात धरल्यावर पिल्लू बहुधा शीट टाकतेच. ती जमिनीला लागायच्या आत निर्जंतुक नळीत झेलतात आणि गोठवतात.

प्रयोगशाळेत शीटमधला डीएनए काढून त्यातले 16 एस नावाचे जनुक वाचतात. ते प्रत्येक जिवाणूत असते आणि गटागणिक थोडे वेगळे असते, त्यामुळे कोण-कोण आहे याची यादी मिळते. रक्तद्रवातली प्रतिपिंडे एलायझाने मोजतात: प्लेटच्या खळग्यांत अळीच्या प्रथिनांचा थर लावायचा, वर पिल्लाचा रक्तद्रव घालायचा, चिकटलेल्या प्रतिपिंडांना रंग देणारे रसायन जोडायचे. रंग जितका गडद, तितकी प्रतिपिंडे जास्त. पिल्ले उडाली की घरटे पिशवीत बंद करून आणतात आणि काडी-काडी सुटी करून अळ्या, कोष आणि माशी निघून गेलेली रिकामी कवचे मोजतात. रिकामी कवचे विसरली तर आकडा हमखास कमी येतो.

निकाल असा होता: जादा खाद्य मिळालेल्या पिल्लांच्या आतड्यात जिवाणूंची विविधता जास्त होती, अळ्यांविरुद्धची प्रतिपिंडे जास्त होती आणि त्यांच्या घरट्यांत अळ्या कमी होत्या. ज्या पिल्लांत क्लॉस्ट्रिडियमचे प्रमाण अधिक, त्यांच्यात प्रतिपिंडे अधिक आणि अळ्या कमी, असाही संबंध दिसला.

इथेच थांबून विचार करायला हवा

‘मीलवर्म दिले, क्लॉस्ट्रिडियम वाढले, म्हणून प्रतिपिंडे वाढली’ ही साखळी वाचायला छान वाटते, पण या प्रयोगाने त्यातली पहिली कडीच हाताने ओढून तपासली आहे. खाद्य संशोधकाने दिले, जिवाणू मात्र आपोआप बदलले. प्रतिपिंडे ही प्रथिनेच. जादा प्रथिने मिळालेल्या पिल्लाने ती थेट बनवली असतील आणि जिवाणू फक्त शेजारी बदलले असतील, ही शक्यता उरते. आईबापांचा वेळ वाचला आणि ते पिल्लांवर जास्त वेळ ऊब द्यायला बसले, हेही होऊ शकते. जिवाणूंचा वाटा वेगळा काढायचा, तर खाद्य तेच ठेवून जिवाणू बदलावे लागतात.

तसा प्रयोग बेडकांवर झाला आहे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात, नुटी त्यातही होत्या, क्यूबन वृक्षबेडकाच्या टॅडपोलना निर्जंतुक केलेल्या तळ्याच्या पाण्यात ठेवून त्यांची जिवाणू-वस्ती बिघडवली. मोठे झाल्यावर त्यांना आतड्यातल्या कृमींचा संसर्ग दिला, तर त्यांच्यात साध्या पाण्यात वाढलेल्या बेडकांच्या तिप्पट कृमी निघाले. लहानपणीची वस्ती बिघडली की त्याचे परिणाम मोठेपणी दिसतात, हे त्यातून पक्के झाले. पण बेडूक म्हणजे ब्लूबर्ड नव्हे.

कोंबड्यांकडून आणखी दोन धडे मिळतात आणि ते एकमेकांच्या उलट आहेत. फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी 1973 मध्ये दाखवले, की नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू पाजले, तर साल्मोनेला त्यांच्यात सहज ठाण मांडत नाही. जिवाणू रक्षण करतात, याचा हा जुना आणि भक्कम पुरावा. पण टर्कीला मारक ठरणारा हिस्टोमोनास हा एकपेशीय परजीवी जिवाणूविरहित पक्ष्यात रोगच निर्माण करू शकत नाही, त्याला आतड्यातल्या जिवाणूंची साथ लागते. क्लॉस्ट्रिडियमचेही तसेच. त्याच कुळातला क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स कोंबड्यांच्या आतड्याला कुजवणारा रोग करतो, आणि आपल्याकडचे पोल्ट्रीवाले ज्याला रक्ती हगवण म्हणतात त्या रोगाच्या परजीवीने, कॉक्सिडियाने, आधी अस्तर फाडलेले असेल तर जास्तच. तेव्हा ‘क्लॉस्ट्रिडियम चांगला’ अशी पाटी लावून भागत नाही. कोणती जात, कुठल्या आतड्यात, बरोबर कोण, हे बघावे लागते.

विविधतेचेही तेच. ‘जिवाणूंची विविधता जास्त म्हणजे आरोग्य चांगले’ असे सरसकट लिहिले जाते. ब्लूबर्डच्या पिल्लांत मीलवर्मने विविधता वाढली. 2020 मध्येच ग्रेट टिट या पक्ष्यावरचा प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात किड्यांच्या आहाराने बियांच्या आहाराच्या तुलनेत विविधता घटली. यात विरोधाभास नाही. घरट्यातले पिल्लू आणि प्रौढ पक्षी यांची सुरुवातच वेगळी असते, आणि तुलना कशाशी केली यावर उत्तर बदलते.

मोजमापातले काही खड्डेही सांगायला हवेत. 16 एसची यादी प्रमाण सांगते, संख्या नाही. एक गट घटला की बाकीचे वाढल्यासारखे दिसतात. मीलवर्मच्या पोटातले जिवाणू पिल्लाच्या शीटमधून नुसते पार होत असतील, तरी त्यांचा डीएनए मोजला जातो. पिल्लाची शीट इवलीशी असल्याने नळ्यांतला आणि रसायनांतला भेसळीचा डीएनए डोके वर काढतो, म्हणून रिकाम्या नळ्याही शेवटपर्यंत सोबत चालवाव्या लागतात. आणि फवारलेले परमेथ्रिन स्वतःच जिवाणूंवर परिणाम करते का, हा प्रश्न अशा प्रत्येक प्रयोगात विचारलाच पाहिजे.

एका रानातून 26 राज्यांत

प्रयोगात दिसलेले लोकांच्या अंगणात टिकते का? यासाठी नुटी यांच्या गटाने पेट्या सांभाळणाऱ्या हौशी लोकांना सोबत घेतले. 2018 ते 2021 या काळात पूर्व अमेरिकेच्या 26 राज्यांतल्या 69 जणांनी 674 घरटी पाठवली आणि आपण मीलवर्म किंवा चरबीचे खाद्य ठेवत होतो की नाही, किती अंडी, किती पिल्ले उडाली, हे कळवले. सगळ्यात जास्त सापडलेला परजीवी हीच माशी. थोड्या घरट्यांत पिसवा आणि गोचिडांच्या जातकुळीतले माइट होते.

खाद्य मिळालेल्या घरट्यांतून पिल्ले उडण्याचे प्रमाण जास्त होते. पण माशीवरचा परिणाम वर्षागणिक उलटसुलट निघाला, एका वर्षी एका दिशेने तर दुसऱ्या वर्षी दुसऱ्या. आमच्या मते या सगळ्या विषयातला हा सर्वांत उपयोगी निकाल आहे. ज्या वर्षी रानात किडे मुबलक, त्या वर्षी मीलवर्मची भर ती कितीशी? गारठ्याच्या, किड्यांच्या दुष्काळाच्या वर्षी तीच भर निर्णायक ठरू शकते. जादा खाद्य हे औषध नव्हे. त्याचा परिणाम आधीच ताटात काय आहे यावर अवलंबून असतो.

मीलवर्म द्यायचेच असतील तर

मीलवर्म म्हणजे टेनेब्रियो मॉलिटर या भुंग्याची अळी. ताज्या अळीत सुमारे 60 टक्के पाणी, 20 टक्क्यांच्या आसपास प्रथिने आणि 13 टक्क्यांच्या आसपास चरबी. कमतरता कॅल्शियमची: 100 ग्रॅममध्ये जेमतेम 17 मिलिग्रॅम, आणि त्याच वेळी फॉस्फरस 285 मिलिग्रॅम. हाडे वाढवणाऱ्या पिल्लाला हे प्रमाण उलटे पडते. म्हणून अळ्यांवर कॅल्शियम कार्बोनेटची पूड भुरभुरतात, आणि मीलवर्म हे मुख्य जेवण होऊ नये एवढेच देतात. दिवसातून एकदा किंवा दोनदा, पक्षी लगेच संपवतील इतके. वाळवलेल्या अळ्यांत पाणी नसते आणि घरट्यातल्या पिल्लाला पाणी अन्नातूनच मिळते, त्यामुळे त्या भिजवून द्याव्यात किंवा पिल्ले असताना टाळाव्यात.

भांडे गुळगुळीत कडांचे हवे, नाहीतर अळ्या चढून पळतात. एका जागी खूप पक्षी जमले की विष्ठेतून पसरणारे रोग वाढतात. भांडे घासून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी या मिश्रणात दहा मिनिटे बुडवून, स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवावे. घरट्यात कीटकनाशक फवारणे हे परवाना असलेल्या संशोधकांचे काम, हौशी माणसाचे नाही.

पिल्ले गेल्यावर जुने घरटे काढावे की ठेवावे, यावर पेटीवाल्यांत वाद आहे आणि दोन्ही बाजूंना दम आहे. कोष फेकले जातात हा काढण्याचा फायदा. पण नॅसोनिया नावाची एक बारीक गांधीलमाशी याच कोषांत अंडी घालते आणि तिची पिल्ले कोषाच्या आतच माशीला खातात. घरटे फेकले की माशीबरोबर तिचा शत्रूही जातो.

आपल्या चिमण्यांपुरते

ब्लूबर्ड भारतात नाही, पण पेटी लावून खाद्य ठेवण्याची हौस महाराष्ट्रातही मोठी आहे. 20 मार्चला जागतिक चिमणी दिन साजरा करण्याची सुरुवात 2010 मध्ये झाली, ती नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीच्या पुढाकाराने. प्रौढ चिमणी दाणे खाते म्हणून आपण बाजरी, तांदळाची कणी ठेवतो. पिल्लांना मात्र सुरुवातीचे दिवस ती मुख्यतः अळ्या, मावा, कोळी असेच भरवते. लंडनच्या उपनगरांत चिमण्यांच्या वसाहतींना मीलवर्म पुरवल्यावर जास्त पिल्ले उडाली, तरी घरटी करणाऱ्या चिमण्यांची संख्या एकंदरीत वाढली नाही. बेल्जियममधल्या प्रयोगात गावाकडच्या चिमण्यांना शहरी धाटणीचा आहार दिल्यावर त्यांच्या आतड्यातले जिवाणू शहरी चिमण्यांसारखे होऊ लागले.

पिल्ले घरट्यात असतील तेव्हा कणी किती ठेवली यापेक्षा कुंडीतल्या शेवंतीवरचा मावा फवारून मारला की नाही, हे जास्त मोलाचे. कढीपत्ता, लिंबू, मेंदी, तुळस यांना औषध न मारता राहू द्यावे, अंगणातला एखादा कोपरा फरशीविना मातीचा ठेवावा आणि पाव, फरसाण, गाठी घालू नयेत. पेटी पिल्ले उडाल्यावरच उघडावी. आतले गवत पांढऱ्या कागदावर झटकून बघावे आणि त्याआधी हातमोजे व मास्क घालावा, कारण वाळलेल्या विष्ठेची धूळ फुफ्फुसांना घातक असते.